चोविसातले तेवीस

कल्पना करा, मुलांनो, तुमच्या हातात घट्ट झाकणाचा एक डबा आहे. आत वही, पेन्सिल आणि एक जुना रोलचा कॅमेरा. हा डबा टेकडीवर झाडाच्या मुळाशी लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे मोबाइलवर जाहीर करायचे आणि साळसूदपणे घरी यायचं. मग ते आकडे धरून अनोळखी माणसं येणार, डबा हुडकणार, वहीत चार ओळी लिहून होता तिथे ठेवून जाणार. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. आता सांगा बरं, येणाऱ्या प्रत्येकाने एक फोटो काढावा असं तुम्हाला वाटत असेल, तर कॅमेऱ्यासोबत आणखी काय ठेवाल?

सूचना. बरोबर. भिंगरी नावाच्या मुलीच्या बाबांनीही तेच केलं आणि तिथेच त्यांचा घात झाला.

बाबा एका कारखान्यात माहितीपत्रकं लिहीत. नव्या मिक्सरच्या खोक्यात जो घडी घातलेला कागद निघतो आणि आपण जो न उघडता खणात टाकतो, तो बाबांचा.

"माझा कागद वाचून आजवर एकाचंही बोट कापलेलं नाही," ते अभिमानाने सांगत.

"वाचलाय कुणी?" आई विचारी.

कॅमेऱ्याची कल्पना मात्र भिंगरीची. चार महिन्यांपूर्वी ते इथे राहायला आले, तरी वर्गात तिला अजून 'ती नवीन'च म्हणत. शाळेच्या प्रदर्शनात बाईंनी तिला एक अख्खी भिंत दिली. भिंगरीने जाहीर करून टाकलं, "मी या भागातल्या चोवीस माणसांचे फोटो लावणार!" ओळख एकाशीही नव्हती. म्हणून डबा, आणि म्हणून आजोबांचा कॅमेरा.

बाबांनी बाह्या सरसावून सूचना लिहिल्या. एकूण सतरा झाल्या. पण डब्याच्या झाकणाला आतून चिकटेल एवढाच कागद हवा होता, त्यात बसत होत्या बारा.

"मग पाच काढ ना," भिंगरी म्हणाली.

"तेच तर खरं कसब," बाबा म्हणाले. "जे शेंबड्या पोरालाही कळतं, ते पहिल्यांदा उडवायचं."

त्यांनी पाच सूचनांवर काट मारली. त्यातली तिसरी होती, 'फोटो काढण्यापूर्वी भिंगावरचं काळं झाकण काढा.' शेवटची मात्र ठेवली, खाली दोन रेघा ओढून: 'भिंगावरचं काळं झाकण घट्ट बसलेलं असलंच पाहिजे.' डबा बंद करताना झाकण लावायला कुणी विसरू नये, एवढाच त्यांचा हेतू. आता तो जुना कॅमेरा असा, की बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं. झाकण असो वा नसो, खिडकीतून सगळं लख्ख दिसतं.

सहा आठवड्यांत वही भरली. भिंगरीने पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं, 'तुमचा फोटो बघायला प्रदर्शनाच्या शनिवारी शाळेत या. नक्की या.' आणि जवळजवळ प्रत्येकाने 'येतो' असं लिहिलं होतं.

प्रदर्शनाआधीच्या गुरुवारी भिंगरी आणि बाबा डबा घेऊन रोल धुवायला स्टुडिओत गेले. स्टुडिओवाले काका आतून रोल दिव्यासमोर धरूनच बाहेर आले.

"साहेब, झाकण काढलं होतं का?"

"कुणी?"

"कुणीतरी."

बाबांनी डब्याच्या झाकणावरचा कागद वाचला. पहिल्यापासून बारावीपर्यंत. मग तिथल्या स्टुलावर बसले.

"तेवीस माणसं," ते पुटपुटले. "तेवीस माणसांनी माझी सूचना तंतोतंत पाळली."

"एक आलाय," काका धीर देत म्हणाले. "अर्धा कान आहे आणि बरंचसं आभाळ."

भिंगरीने वही चाळली. त्या फोटोच्या क्रमांकाची नोंद होती, 'चष्मा घरी राहिला, सूचना वाचता आल्या नाहीत. काही चुकलं असल्यास माफी असावी.'

बाबांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. वीस वर्षांची नोकरी त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. किती इस्त्र्या, किती पंखे! देव जाणे, लोकांनी वाचले असते तर काय झालं असतं.

"मी बाईंना चिठ्ठी देतो," ते म्हणाले. "तुला ताप आलाय म्हणून."

"आणि ती माणसं येतील त्यांचं काय?"

"मलाही येईल ताप."

भिंगरी काकांकडे वळली. "काका, सगळे छापा."

"अगं, काळे येतील! नुसते काळेकुट्ट!"

"चोवीसच्या चोवीस," भिंगरी म्हणाली.

शनिवारी बाबा शाळेच्या दाराआड उभे राहिले, पळता येईल असे. भिंतीवर तेवीस काळे चौकोन आणि एक अर्धा कान. प्रत्येकाखाली भिंगरीने वहीतली नोंद सुवाच्य अक्षरात उतरवली होती. 'मी आणि सासूबाई. दोघी हसतोय. पुन्हा जमेल असं नाही.' 'आमचा कुत्रा. शेपूट हललं बहुतेक.' 'निवृत्तीनंतरचा पहिला दिवस. पाठमोरा काढलाय, कारण पुढून रडत होतो.'

माणसं आली. बघत राहिली. आता आरडाओरडा होणार म्हणून बाबांनी डोळे मिटून घेतले.

"ही मी," एक बाई काळ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाली. "डोळे मिटलेत माझे. नेहमीचंच आहे."

"सूनबाई, माझी बाजू जरा बरी आलीय," शेजारून उत्तर आलं.

पाठमोऱ्या फोटोचे आजोबा हसत सुटले. कुणीतरी कुत्र्याबद्दल विचारलं. चष्मा घातलेले एक गृहस्थ अर्ध्या कानापाशी ताठ उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "हा माझा!" वर्गातली मुलं धावत आली. "ए भिंगरी, यातला सगळ्यात काळा कोणता गं?"

आणि मग सासूबाईंचा कडक आवाज घुमला, "पण या सूचना लिहिल्या कुणी?"

दाराआड लपायला जागा उरली नव्हती. बाबा पुढे आले. "मी. व्यवसायच आहे तो माझा."

मग सासूबाईंनाच पहिलं हसू फुटलं आणि सुनेलाही आवरेना.

स्टुडिओवाल्या काकांनी आपल्याकडून कॅमेऱ्यात नवा रोल भरून दिला होता. भिंगरी खुर्चीवर चढली. सगळे भिंतीपुढे दाटीवाटीने उभे राहिले.

"थांबा," बाबांनी बोट वर केलं. "सर्वप्रथम प्रत्येकाने..."

भिंगरीने भिंगावरचं काळं झाकण काढलं, वाकून बाबांच्या तळहातावर ठेवलं आणि त्यांची मूठ मिटली.

"तू फक्त हे धर," ती म्हणाली, आणि तिने खटका दाबला.