तेल वगळून

वासनिक सरांनी इटलीवर निर्बंध घातले होते. अमेरिकेतल्या आमच्या ईडन प्रेरी गावात कुणाच्याही घरी वाढदिवसाला पिझ्झा आला, की सर पिशवीतून डबा काढून पोळी-चटणी खायला बसायचे. मॅकरोनी नाही, स्पगेटी नाही. जावयाने हौसेने आणलेले इटालियन बूटसुद्धा त्यांनी दुकानात परत करायला लावले.

"सर, हा पिझ्झा इथल्याच कोपऱ्यावरचा आहे," मी म्हणायची.

"माल कुठलाही असो ताई, कल्पना त्यांची."

सर मूळचे नागपूरचे. इथिओपियातल्या एका शाळेत इतिहास शिकवायचे, मग मुलीकडे इथे आले, आमच्या शेजारी. एकोणीसशे पस्तीस साली इटलीने इथिओपियावर चढाई केली, विमानांतून विषारी वायू सोडला. जिनिव्हात शांतता राखायला बसलेल्या देशांनी इटलीशी व्यापार थांबवला, पण तेल विकणं चालू ठेवलं. विमानं उडतच राहिली. पुढे होते ते निर्बंधही उठवले.

"त्यांनी उठवले. मी नाही," सर सांगायचे.

अर्धवट काम दिसलं की त्यांचा शेरा ठरलेला असे, "तेल वगळलं." आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी तक्रार पुढच्या मीटिंगवर ढकलली, तेल वगळलं. मी डाएट सुरू केलं आणि श्रीखंड तेवढं ठेवलं, तेही तेल वगळलं. आम्ही हसायचो, सरही हसायचे.

तेस्फायेचं नाव निघालं की मात्र चेष्टा थांबायची. तो त्याच शाळेतला गणिताचा मास्तर, सरांचा जिवलग मित्र. त्याच्या आईच्या दोन्ही हातांवर त्या वायूने भाजल्याचे डाग होते, आणि सर वर्षानुवर्षं तिच्याच हातचं जेवले. राजा गेला, लष्कर आलं, एक दिवस शिपायांनी तेस्फायेला वर्गातून उचलून नेलं. सरांनाही देश सोडावा लागला. तो जिवंत आहे की नाही, एवढंच त्यांना कळायला हवं होतं.

पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात तेस्फायेची बायको अलमाझ सुदानमार्गे आमच्या शेजारच्या मिनीॲपोलिस शहरात आली. एका चर्चने तिला आणलं होतं. सरांना मीच गाडीने तिच्या घरी नेलं.

तिने आमच्यापुढे स्पगेटी वाढली. तिच्या गावाकडे पाहुण्यांसाठी आता हेच करतात. मी धास्तावून सरांकडे बघितलं. सर मुकाट्याने जेवले, आणखी मागून घेतली. मग तिच्या भाषेत त्यांनी काहीतरी विचारलं. ती खाली मान घालून बराच वेळ बोलत राहिली.

मी गाडी सुरू करणार, तेवढ्यात सर म्हणाले, "थांबा जरा. मारलं त्याला. नेलं त्याच आठवड्यात. आईला कुणी सांगितलंच नाही."

"आई कुठे आहेत आता?"

"गेली मागच्या वर्षी. शेवटपर्यंत शेजारणींना म्हणायची, आपला हिंदुस्थानी मास्तर बाहेर आहे, तो जगाला सांगेल, मग सोडतील माझ्या पोराला." सरांनी चष्मा काढला. "मी कुणाला सांगितलं हो? चार घरी पिझ्झा नको म्हणालो."

मला रडू आवरेना. "मला सांगा सर," मी म्हटलं.

सर सांगू लागले. तेस्फायेला खडूची धूळ सोसायची नाही. फळा पुसताना तो शिंकायचा आणि अख्खा वर्ग मोठ्याने शिंका मोजायचा. काचेवर बर्फ साचत होता. त्या माउलीने ज्या जगावर भरवसा ठेवला होता, ते जग म्हणजे त्या गाडीत बसलेली मी एकटी.