विचुंब्याची वाकडी फरशी

ठक.

एवढाच आवाज. पन्नास वर्षं झाली, पण मला तो अजून ऐकू येतो (हल्लीचे बरेच आवाज येत नाहीत). पनवेलला यासीन मिस्त्रींच्या दुकानात मी सुतारकाम शिकलो. स्टूल तयार झालं की मिस्त्री ते वीतभर उचलायचे आणि दारातल्या सपाट दगडावर सोडायचे. ठक असा एकच आवाज आला, तर चारही पाय एकदम टेकले, माल पास. ठकठक आला, तर माझा दुपारचा चहा बंद. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो. पुढचं शिक्षण त्या दगडावर झालं.

मिस्त्री आणखी एक सांगायचे. "अनंता बेटा, चीज हवेत राहत नाही. जिथं राहणार, तिथं नेऊन तिचे पाय काप."

ओवे गावातल्या आमच्या घरात मी जे बनवलं ते तसंच. वस्तू जागेवर ठेवायची, वर पाण्याचं ताट ठेवायचं, आणि ताटातलं पाणी सगळीकडून सारखं दिसेपर्यंत खाली पाय तासायचे. कुठला पाय किती तासला, ते मी कधी मोजलं नाही.

गेल्या महिन्यात आम्ही विचुंब्याच्या फ्लॅटमध्ये आलो. मुलगा हरेश म्हणाला, "बाबा, नवं घर, नवं फर्निचर घेऊ." मी म्हणालो, "माझं जुनंच नेऊ." एवढाच काय तो माझा निर्णय.

पहिल्याच दिवशी जेवणाच्या टेबलावरचं लिंबू घरंगळत खाली गेलं. दुसऱ्या दिवशी आमटी ताटाच्या एका कडेला जाऊन बसली आणि भात दुसऱ्या कडेला कोरडा राहिला. तिसऱ्या दिवशी वेणू, म्हणजे माझी बायको, स्टुलावर बसून भाजी चिरता चिरता हळूहळू पुढे सरकली आणि ओट्याला जाऊन टेकली.

ते स्टूल साधं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी संप केला. डॉक्टर म्हणाले, खाली बसायचं नाही. तेव्हा मी सुतळी घेऊन तिच्या पायाशी बसलो आणि गुडघ्याचं माप घेतलं. (तिला वाटलं, पैंजण करतोय. दोन दिवस खूश होती.) त्या मापाचं ते स्टूल.

संध्याकाळी सून दिपा प्लॅस्टिकचं निळं स्टूल घेऊन आली. "आई, यावर बसा. पडलात तर गुडघे पुन्हा जातील."

वेणू बसली. माझ्याकडे बघायचं मात्र तिनं टाळलं. मला फार लागलं. ते निळं स्टूल घालवायचं, तर माझं स्टूल निर्दोष ठरायला हवं होतं.

मी चौकशी सुरू केली. स्टूल वीतभर उचललं, फरशीवर सोडलं. ठक. एकच आवाज! टेबलाचं एक टोक उचलून सोडलं, तेही ठक. देवाचा चौरंग, ठक. म्हणजे वस्तू बरोबर. वस्तू बरोबर असून लिंबू घरंगळतं, म्हणजे फरशी वाकडी. बिल्डरनं फसवलं!

मी सोसायटीचे सेक्रेटरी गोरख यांना गाठलं.

"काका, फरशी वाकडी कशी असेल?"

"चाळीस वर्षांचं टेबल खोटं बोलेल का?"

गोरखनं बिल्डरला फोन लावला. दोन दिवसांत बातमी चारही मजल्यांवर गेली. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनीताताईंना एकाएकी चक्कर यायला लागली. एका गृहस्थाचा मुलगा गणितात नापास झाला होता, तेही आता फरशीवर गेलं. शेवटी रविवारी बिल्डरचा इंजिनियर आला. हृतिक नावाचा, गोरापान, हातात पिवळी लेव्हलपट्टी. मागे सगळी बिल्डिंग.

त्यानं पट्टी फरशीवर ठेवली. आतला बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. त्यानं ती आडवी ठेवली, तिरपी ठेवली. बुडबुडा हलेना.

"आजोबा, फरशी ओके आहे."

"मग हे बघा." मी टेबलावर लिंबू ठेवलं. लिंबू खिडकीकडे गेलं. लोक 'अरेच्चा' म्हणाले. मला जोर आला. स्टुलावर लिंबू ठेवलं. ते दाराकडे गेलं.

"म्हणजे खोली मधे उंच आहे," मी निकाल दिला. "दोन्हीकडे उतार!"

तेवढ्यात दिपा पुढे आली. तिनं टेबलाचं तोंड फिरवलं, खिडकीकडची बाजू दाराकडे केली आणि लिंबू ठेवलं.

लिंबू दाराकडे गेलं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. हृतिकनं खिशातून टेप काढला आणि स्टुलाचे पाय मोजले. पुढचे दोन पाय मागच्यांपेक्षा अर्ध्या बोटानं आखूड. चारही एकदम टेकत होते, म्हणून ठक एकच; बैठक मात्र पुढं झुकलेली.

"आजोबा, हे कुठल्या डोंगरावर बनवलंत?"

उत्तर वेणूनं दिलं. "डोंगर नाय रे पोरा. ओव्याच्या घरी सासऱ्यांनी कोबा घातला व्हता, त्याला मोरीकडनं चढ हाय. पानी आपसूक जावं म्हनून."

मी वेणूकडे वळलो. "तुला ठाऊक होतं?"

"म्हंजे काय? चाळीस वर्सं एक वस्तू जागची हलवली नाय मी. हलवली का आमटी मांडीवर."

(मला इतकी वर्षं वाटत होतं, वेणूला टापटिपीची आवड आहे.)

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी कवा इचारलं?"

गोरखनं लोकांना बाहेर नेलं. सुनीताताईंची चक्कर जिन्यातच थांबली.

तोंड कुठं लपवावं कळेना, म्हणून मी दिपाच्या खोलीत गेलो. तिथं तिचं लॅपटॉपचं टेबल होतं. खोक्यातून सपाट आलं होतं आणि तिनं एकटीनं जोडलं होतं. त्याला सुताराचा हात लागला नव्हता, म्हणून मी त्याच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी त्याच्या खाली जाऊन आडवा झालो.

प्रत्येक पायाला खाली एक काळं बूड होतं, आट्यांचं. बाटलीच्या झाकणासारखं फिरवलं की पाय लांब, उलट फिरवलं की आखूड. ज्यानं हे बनवलं, त्यानं आमची जमीन पाहिलेली नव्हती. पाहायची गरजच ठेवली नव्हती त्यानं! विचुंब्यात ठेवा, ओव्यात ठेवा, मोरा बंदराच्या धक्क्यावर ठेवा. मी एका घरासाठी पाय तासत आलो. हा माणूस न पाहिलेल्या सगळ्या घरांचा विचार करून बसला होता. मला मिस्त्रींची आठवण आली. त्यांनी हे बूड दिवसभर फिरवलं असतं आणि सगळ्यांना चहा पाजला असता.

"बाबा! चक्कर आली का?" दिपा धावत आली.

"नाही गं. बघतोय."

तिनं मला जोडणीचा कागद दाखवला. त्यात अक्षर एकही नाही, नुसती चित्रं. आयुष्यात पहिल्यांदा मी एक कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत न अडखळता वाचला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पनवेलच्या बाजारातून तशी चार बुडं घेऊन आलो. मी वेणूच्या स्टुलाच्या पायांना खालून भोकं पाडली, दिपानं चित्राप्रमाणे आटे बसवले. पुढची दोन जास्त फिरवली, मागची कमी. पाण्याचं ताट ठेवलं. पाणी सगळीकडून सारखं.

वेणू मेथीच्या दोन जुड्या घेऊन त्यावर बसली. आधी एक हात ओट्यावर होता. मग तोही काढला आणि दोन्ही हातांनी मेथी निवडू लागली. निळं स्टूल दिपानं आपण होऊन गॅलरीत नेलं, तुळशीला पाणी घालायला उंची म्हणून.

मी इथंच गप्प बसायला हवं होतं. मी एरवी गप्पच असतो. पण आनंद झाला की माणूस बोलतो.

"वेणू, खरं सांग," मी म्हणालो. "माझ्या कामाची जादू मोठी, की दिपाच्या त्या बुडांची?"

दिपा गॅलरीच्या दारात थांबली. मी समोर उभा. वेणूनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग ती सावकाश उठली, मला खांद्याला धरून स्टुलावर बसवलं, मेथीची परात माझ्या मांडीवर ठेवली आणि "आता बसून तुमीच ठरवा," म्हणत आतल्या खोलीत निघून गेली.