व्हायोलाचं चुकलेलं पान

डॉक्टरांनी "सहा महिने, फार तर आठ" असं सांगितलं, तेव्हा वाद्यवृंदाच्या कारकुनाला पहिली आठवण झाली ती सिंफनीची. बायको शेजारीच बसली होती, पण तिची आठवण नंतर आली. माणूस भलताच प्रामाणिक, त्यामुळे घरी येता येता त्याने हे तिला सांगूनही टाकलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तीस वर्षं सवत आहे ती माझी."

सिंफनी दीडशे वर्षांपूर्वीच्या एका संगीतकाराची. तो जिवंत असताना ती कुणी वाजवली नाही, मेल्यावर तर प्रश्नच नव्हता. तिची एकुलती एक हस्तलिखित वही कारकुनाला तळघरातल्या कपाटात सापडली होती आणि तेव्हापासून त्याने सहा संचालकांचं डोकं खाल्लं होतं. सगळ्यांचं उत्तर एकच, "पुढच्या वर्षी बघू." आता कारकुनाकडे पुढचं वर्षच नव्हतं. डोळे मिटण्याआधी भरल्या सभागृहात लोकांनी ती ऐकलेली बघायची, एवढंच त्याला हवं होतं.

सातव्या संचालकांना दया आली. "एक तालीम देतो. आवडलं तर कार्यक्रमात घेऊ."

कारकून प्रत्येक वाद्याची पानं वहीतून उतरवायला बसला. गोळ्यांमुळे डोळ्यांवर झापड यायची. व्हायोलाची, म्हणजे जरा मोठ्या व्हायोलिनची, पानं उतरवताना वहीची दोन पानं एकदम उलटली गेली, मधले सूर गळाले, आणि त्याला पत्ताही लागला नाही.

तालमीत पहिल्या दोन भागांत संचालकांनी चारदा घड्याळ पाहिलं. तिसऱ्या, संथ भागात व्हायोलावाले अचानक पुढे निघून गेले आणि बाकीचे मागेच राहिले. मग जे ऐकू आलं, ते घरातलं माणूस गेल्यावर आक्रोश उठतो तसं होतं. आपण कुठे माती खाल्ली ते कारकुनाला लगेच कळलं.

"साहेब, माझ्याकडून चूक..."

"गप्प बसा," संचालक म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "पुन्हा वाजवा."

पुन्हा वाजवून झाल्यावर मात्र कारकुनाने सगळं कबूल केलं. संचालकांनी व्हायोलावाल्यांना मूळ वहीभोवती गोळा केलं आणि बरोबर वाजवायला लावलं. बरोबर वाजलं. ढोलवाल्याने मोकळेपणाने जांभई दिली.

"हे मी लोकांपुढे आणणार नाही," संचालक म्हणाले. "तुमचं चुकलेलं वाजवतो. बोला."

"पण ते त्या संगीतकाराचं नाही."

"त्याची तक्रार येणार आहे का?"

तेवढा तुकडा सोडला तर बाकी सगळं संगीतकाराचंच होतं. "वाजवा," कारकून म्हणाला, आणि त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. शेवटी लोक उभे राहिले. डॉक्टरांकडून आल्यापासून एकदाही न रडलेली बायको आता पदराने डोळे टिपत होती.

"उगाच शिव्या घातल्या मी या सवतीला इतकी वर्षं," ती म्हणाली. "मधे ते सगळे एकमेकांपासून सुटतात ना, तिथे मला सारखे तुम्हीच दिसत होतात."

कारकून तिच्याकडे वळला. "ते माझंच आहे," तो म्हणाला. "खरंच. मूळ वहीत तसं नाहीच."

"बरं, तुमचंच," बायको म्हणाली, आणि तापात बरळणाऱ्या मुलाची समजूत काढावी तसा तिने त्याचा हात थोपटला. टाळ्या अजून चालूच होत्या, आणि संचालक मेलेल्या संगीतकाराच्या वतीने वाकून त्या स्वीकारत होते.