शंभर टक्के सुनिद्र गाव

वांगणीच्या पलीकडे डांबर संपतं, मग खडी संपते, आणि मग कुठे बिवळपाडा लागतो. घरं एकवीस, माणसं एकशे सहा, शाळा एक, गुरुजी एक आणि पटावर मुलं नऊ. यातला शेवटचा आकडा वरच्यांच्या डोळ्यांत खुपत होता. दहाच्या आत पट असलेल्या शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवायचं, असं ठरलं होतं. जवळची शाळा म्हणजे एक डोंगर उतरायचा, ओहोळ ओलांडायचा आणि दुसरा डोंगर चढायचा. नकाशावर मात्र ती दोन बोटांवर होती.

धर्मेंद्र भोये गुरुजींचा जीव एका दहाव्या मुलासाठी टांगणीला लागला होता. ते स्वतः मोखाड्याकडच्या अशाच एका खोलीच्या शाळेत शिकले होते. त्यांच्या घराण्यात त्यांच्याआधी कुणी खडू हातात धरला नव्हता. ही शाळा गेली की पावसाळ्यात ओहोळ पोरांना अडवणार, पावसाळ्यानंतर आईबाप कामाला भिवंडीकडे निघाले की पोरं त्यांच्यामागे जाणार, आणि मग संपलंच सगळं. पण दहावं मूल काय झाडाला लागतं?

अशात 'सुनिद्र ग्राम अभियान' आलं. लोक नीट झोपत नाहीत म्हणून प्रगती खुंटते, असा शोध कुणीतरी लावला होता. आपल्याकडे कुठलाही शोध लागला की तो फिरत फिरत प्राथमिक शिक्षकाच्याच डोक्यावर येऊन बसतो. गुरुजींचे संडास मोजून झाले होते, गुरंढोरं मोजून झाली होती. आता झोप मोजायची होती.

प्रशिक्षण जव्हारला झालं. पुण्याहून आलेल्या रुचिरा मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवत सांगितलं, "पूर्वी माणसं रात्री दोनदा झोपायची. अंधार पडला की पहिली झोप. मध्यरात्री उठून विस्तव सारायचा, गप्पा मारायच्या, मग दुसरी झोप. पुढे दिवे आले, गिरण्यांचे भोंगे आले, आणि माणूस एकसलग झोपायला शिकला. आता तशी झोप कुठेही शिल्लक नाही."

गुरुजींनी हात वर केला. "मॅडम, आमच्या पाड्यात अजून तसंच झोपतात."

"गुरुजी, तो इतिहास झाला."

"पण मॅडम, कालसुद्धा..."

"फॉर्ममध्ये इतिहासाला रकाना नाही," मॅडम गोड हसून म्हणाल्या आणि पुढच्या चित्राकडे वळल्या. जेवणानंतरच्या सत्रात निम्मं सभागृह घोरत होतं. ती झोप कर्तव्यावर असताना घेतलेली असल्यामुळे मोजणीत धरली नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुजी मोबाइल घेऊन सुकऱ्याच्या अंगणात बसले. सुकऱ्याची बायको गोदा नागली पाखडत होती.

"गोदाबाय, झोपता किती वाजता?"

"कोणची झोप ईचारता गुरजी? पयली का दुसरी?"

"मधे उठून करता काय?"

"बोलतो," सुकऱ्या म्हणाला.

"दिसभर हा शेतात, मी रानात लाकडाला," गोदा सूप आपटत म्हणाली. "दोघांला बोलाला येळ कवा भेटल? तवाच भेटतो. पुतळीला शाळंत घालाची, तेबी तवाच ठरलं. हा नायच म्हणत व्हता. दिसा ईचारलं असतं तर भांडला असता. तवा माणूस मऊ असतो."

सुकऱ्यानं मान खाली घालून कबुली दिली. त्यांची पुतळी तिसरीत होती आणि सतराचा पाढा उलटा म्हणायची.

मोबाइलमधल्या फॉर्ममध्ये मात्र एका माणसाला एकच झोप होती. मधे जाग येते, असं लिहिलं की फॉर्म पुढे सरकेचना. येत नाही, असं लिहावं तर त्याच सकाळी गुरुजींनी मुलांना 'खोटे कधी बोलू नये' फळ्यावर लिहून दिलं होतं, आणि ते पुसायचं राहिलं होतं. शेवटी झेंड्याच्या कट्ट्यावर चढून, रेंज पकडून, त्यांनी तालुका निद्रा समन्वयक श्रीकृष्ण औटी साहेबांना फोन लावला.

"साहेब, इथे माणसं दोनदा झोपतात."

"मग दोन नोंदी करा! एक झोप, एक लाभार्थी. एवढंही कळत नाही? आज संध्याकाळपर्यंत शंभर टक्के पाहिजे मला."

वरिष्ठांचा तोंडी आदेश. गुरुजींनी सुकऱ्या दोनदा लिहिला, गोदा दोनदा लिहिली, पुतळी दोनदा लिहिली. सूर्य मावळायच्या आत बिवळपाड्याची लोकसंख्या दोनशे बारा झाली, तीही दाईला न बोलावता.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. 'अभियानाच्या यादीनुसार आपल्या शाळेचा पट अठरा झाल्याने शाळा पुढे चालू ठेवण्यास मान्यता देण्यात येत आहे.' गुरुजींनी ते तीनदा वाचलं. सरकारी चूक दिसली की लगेच कळवायची त्यांना खोड होती. या खेपेला मात्र त्यांनी पत्राची घडी केली, खिशात ठेवली आणि मुलांना अर्ध्या दिवसाची सुट्टी देऊन टाकली. आनंदच झाला होता हो त्यांना, का लपवा?

पण सरकार एकदा तुम्हाला मोजायला लागलं की थांबत नाही. महिन्याभरात दुसरं पत्र आलं. 'नऊ विद्यार्थ्यांची उपस्थिती शून्य असल्याचे निदर्शनास आले आहे. खुलासा करावा.' पाठोपाठ खुद्द औटी साहेब आले. जीप डांबरापर्यंत आणि पुढे पायी, त्यामुळे पोचले तेव्हा ते आणि त्यांचा राग दोन्ही घामाघूम होते.

"नऊ दिसतात. बाकीची नऊ कुठे?"

"ती दुसऱ्या झोपेतली, साहेब."

"हजर करा."

"ती मध्यरात्रीनंतरच असतात."

"मध्यरात्री? मला रात्रीच्या मुक्कामाची परवानगी नाही!"

सुकऱ्याला राहवेना. "सायब, ही तीच पोरां. दोनदा निजतात, येवढाच."

"तीच कशी असतील? यादीत वेगळी आहेत ना?" साहेब गुरुजींकडे वळले. "स्थलांतरित दाखवा."

"कुठे गेली म्हणून लिहू?"

तेव्हा साहेबांनी प्रकरण 'दुबार नावे वगळणे' या मोहिमेत टाकलं आणि हात झटकले. संगणकानं बिवळपाड्याची यादी तपासली. प्रत्येक नावाला तेच नाव, तोच बाप, तीच जन्मतारीख असलेलं दुसरं नाव सापडलं. यातलं खरं कुठलं आणि दुबार कुठलं, हे ठरवायला संगणकाला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं निःपक्षपातीपणे दोन्ही वगळली.

बिवळपाड्याची लोकसंख्या शून्य झाली. ज्या गावात माणूसच नाही, तिथे झोपमोड झालेला माणूस कुठून असणार? झोपेच्या तक्रारी शून्य. असा निकाल उभ्या तालुक्यात कुणाचा नव्हता. बिवळपाडा 'शंभर टक्के सुनिद्र गाव' म्हणून पहिला आला.

सत्कार जव्हारला ठरला. पाड्यातली माणसं धुतलेले कपडे घालून, नऊही पोरं घेऊन आली. दारावरच्या माणसानं यादी पाहिली.

"बिवळपाडा? या गावातून कुणी येणार असल्याची नोंद नाही."

"मंग आमी कोण?" गोदानं विचारलं.

"बाई, ते मला काय माहीत? खिडकीपाशी थांबा."

आत गुरुजींच्या गळ्यात हार पडला. हातात ढाल आली, आणि ढालीखाली एक पाकीट. त्यांनी ते तिथेच फोडलं. 'गावात लोकसंख्या नसल्याने शाळा बंद करण्यात येत आहे.' गुरुजी शेजारी उभ्या औटी साहेबांकडे वळले.

"साहेब, माणसं आहेत! ती बघा, खिडकीत उभी आहेत. मुलंसुद्धा आहेत!"

"हळू बोला," औटी साहेब फोटोसाठी हसत, ओठ न हलवता म्हणाले. "ती आहेत हे कळलं तर पुरस्कार परत घेतील. हसा."

गुरुजी हसले. त्याची त्यांना अजून लाज वाटते. नावं परत चढवण्यासाठी त्यांनी आजवर चौदा अर्ज केले. अर्जदार अस्तित्वात नसलेल्या गावातला आहे, या कारणानं ते सगळे परत आले.

बिवळपाड्यात आता सगळे एकदाच झोपतात. पोरांना दुसऱ्या डोंगरावरच्या शाळेत पोचवायचं म्हणून गोदा उजाडायच्या आधी निघते, परत येऊन रानात जाते, पुन्हा पोरांना आणायला जाते. रात्री पाठ टेकली की दगड. सुकऱ्या कधी जागा झालाच तर तिला उठवत नाही. पुतळीला चौथीनंतर शिकवायचं की नाही, हे बोलायचं राहिलंय. नऊपैकी चौघं जायची थांबलीत.

सत्काराची बातमी छापून आली होती, फोटोसकट. तुम्ही वाचलीच असेल. 'वा! इतक्या आडगावात बघा, आणि आपण!' असं म्हणून घरात कुणाला तरी वाचूनही दाखवली असेल. त्या फोटोत, गुरुजींच्या खांद्यामागे, खिडकीत गर्दी करून नऊ पोरं उभी आहेत. अगदी स्पष्ट दिसतात. पण तुम्ही ढाल बघितलीत, पान उलटलंत, आणि त्या रात्री तुम्हाला झोप छान लागली.