बिनविरोध निदर पॉक्लिंग

“पण मग तुम्हाला मत दिलं तरी कुणी?”

प्रश्न विचारण्याचा अधिकार लोकशाहीत प्रत्येकाला असतो, आणि तो शाबूत राहावा म्हणून समजूतदार माणसं तो वापरत नाहीत. टॅमसिन ऑल्डरसनने वापरला. शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या राज्यशास्त्राच्या वर्गापुढे निदर पॉक्लिंग ग्रामपंचायतीचे सरपंच ‘स्थानिक लोकशाही : एक जिवंत अनुभव’ या विषयावर बोलायला आले होते. तेविसावी स्लाइड संपली, सरांनी “कुणाला काही शंका?” असं विचारलं, आणि मागच्या बाकावरून बेक्स आणि इमोजेन कुजबुजल्या, “विचार ना. आता टरकलीस ना?”

टरकण्यासारखं कारण होतं. सरपंच क्लाइव्ह ऑल्डरसन हे तिचे वडील होते (हे मैत्रिणींना माहीत होतं, त्याशिवाय पैजेत मजा काय राहिली असती?). गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी चिप्सवर व्हिनेगर जास्त घाला हे सांगायलासुद्धा बेक्सला पुढे करायची. पण फेब्रुवारीत तिला अठरा पूर्ण झाली होती आणि तेव्हापासून तिला आपला आवाज फार आवडू लागला होता.

सरपंचांनी आधी पडद्याकडे पाहिलं, मग छताकडे, मग स्वतःच्या बुटांकडे.

“तसं… नेमकं असं कुणी नाही,” ते म्हणाले. “पण विरोधही कुणी केलेला नाही.”

वर्गाने टाळ्या वाजवल्या. उत्तर खरं होतं, आणि लेक्चर संपलं होतं.

निदर पॉक्लिंगची पद्धत साधी आहे. पंचायतीत जागा सात. दर चार वर्षांनी अर्ज मागवतात. अर्ज सातच येतात, किंवा सहा येतात आणि सातव्याला पबमधून बोलावून आणतात. अर्ज जागांपेक्षा जास्त नसले की मतदान घ्यावं लागत नाही, सगळे निवडून आल्याचं जाहीर होतं. त्यामुळे गावाचा निवडणूक अहवाल वाचनीय असतो. मतदार सहाशे बारा, झालेलं मतदान शून्य, बाद मतं शून्य, गैरप्रकार शून्य, तक्रारी शून्य. इतकी स्वच्छ आकडेवारी फार थोड्या लोकशाह्यांना दाखवता येते. शेवटचं खरं मतदान कधी झालं हे फक्त डॉरीन पेग आजींना आठवतं, आणि त्या मतदानानंतर दोन घरं एकमेकांशी अजून बोलत नाहीत. गावाने त्यातून योग्य तो धडा घेतला.

इकडे शाळेत पेटिफर सर परीक्षेची तयारी करून घेत होते. तीस गुणांचा प्रश्न दरवर्षी येतोच : ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला, ही आपली जुनी पद्धत बदलून मतांच्या प्रमाणात जागा द्याव्यात का? चर्चा करा.

“तुमचं मत काहीही असू दे,” सर सांगायचे, “पण ते पहिल्या परिच्छेदात असू दे आणि शेवटपर्यंत तेच राहू दे. मध्येच मत बदललेलं परीक्षकाला खपत नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं नीट मांडायचं, त्याचा मान राखायचा, आणि मग त्याकडे दुर्लक्ष करायचं. संसदेत हेच चालतं.”

वादविवादासाठी सरांनी वर्ग दोन भागांत वाटला. खिडकीकडची रांग सुधारणेच्या बाजूने, भिंतीकडची जुन्या पद्धतीच्या. टॅमसिन खिडकीशी बसायची, कारण खोली गरम ठेवणारा रेडिएटर तिथे होता. अशा रीतीने तिची राजकीय मतं तयार झाली. (आपल्यापैकी बहुतेकांची याहून कमी विचारपूर्वक तयार होतात.) दोन आठवड्यांत ती इतकी पेटली की भिंतीकडचा एक मुलगा तिला पाहून कॅन्टीनची रांग बदलायचा.

“मतं वाया जातात!” ती बाकावर हात आपटून म्हणायची. “लाखो मतं! कचऱ्यात!”

“तुमच्या गावात नाही जात,” बेक्स म्हणाली. बेक्स त्याच गावातली. “तुमच्या गावात मुळात कुणी देतच नाही.”

“आपल्या गावात,” टॅमसिनने दुरुस्ती केली. त्याच दिवशी तिने पंचायतीसाठी उमेदवारी अर्ज आणला. सूचक बेक्स. अनुमोदक म्हणून गावातला दुसरा मतदार हवा होता, तो स्वयंपाकघरातच सापडला. आईने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, ओव्हनमधला पाव बाहेर काढला, सही केली आणि म्हणाली, “डॅडला तू सांग. मी काही सांगणार नाही.”

आठवा अर्ज आला, तशी बातमी गावात पसरली, आणि लोकांनी ती गॅस गळतीच्या बातमीसारखी घेतली. म्हणजे आवाज न चढवता, पण सगळे एकदम रस्त्यावर. मतदान गुरुवारी असतं. मतदान केंद्र गावच्या सभागृहात असतं. सभागृहात गुरुवारी पिलाटेसच्या व्यायामाचा वर्ग असतो. अठरा बायका आणि एक निवृत्त दंतवैद्य यांचे कणे एका मुलीच्या हट्टापायी वाऱ्यावर सोडायचे का, असा प्रश्न पोस्टाच्या दुकानात उघडपणे विचारला जाऊ लागला.

टॅमसिन दारोदार फिरली. स्वागत अपेक्षेपेक्षा चांगलं झालं.

“तरुणांनी पुढे यायलाच हवं,” असं चौदा घरांत सांगण्यात आलं.

“आम्ही पूर्णपणे तुझ्या पाठीशी आहोत, बाळा,” असं अकरा घरांत.

“फक्त ते मतदान तेवढं टाळता आलं तर बघ,” असं सर्व पंचवीस घरांत.

आता निदर पॉक्लिंगमध्ये दारात दोन माणसं समोरासमोर आली की दोघंही मागे सरतात आणि “आधी तुम्ही” म्हणतात. दुकानात शिरायला वेळ लागतो, पण आजवर कुणी कुणाला धक्का दिल्याची नोंद नाही. अर्ज मागे घेण्याची मुदत संपायच्या आदल्या दिवशी सातपैकी पाच सदस्यांनी, प्रत्येकाने स्वतंत्रपणे आणि आपण एकटेच हे करतोय अशा समजुतीने, गावाला मतदानापासून वाचवण्यासाठी आपला अर्ज मागे घेतला. एकाने गुडघ्याचं कारण दिलं, एकीने नातवाचं, एकाने “वैयक्तिक” असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. सरपंच क्लाइव्ह ऑल्डरसन यांनी “नव्या पिढीसाठी” असं लिहिलं. कुणीही कुणाला सांगितलं नाही, कारण त्यागाचा गवगवा करणं असभ्य असतं.

उरले तीन. एक टॅमसिन. दुसऱ्या डॉरीन पेग आजी, ज्यांचं कानाचं यंत्र खणात असल्यामुळे त्यांना काही घडतंय हेच कळलं नव्हतं. तिसरे नॉर्मन थ्रिफ्ट, जे सुट्टीसाठी टेनेरीफला होते. तिघंही बिनविरोध निवडून आले. मतदान रद्द झालं. पिलाटेस झाली.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. चार जागा रिकाम्या. त्या भरायचा अधिकार निवडून आलेल्यांना. बैठकीला किमान तीन सदस्य हजर हवेत, आणि तिघांपैकी दोघांचे हात वर झाले की माणूस आत. मुदतीत जागा भरल्या नाहीत तर जिल्हा कार्यालय स्वतः मतदान लावणार. आणि मागे सरलेल्या पाचही जणांना परत यायचं होतं. (त्याग एकदा करायचा असतो, रोज केला की त्याची किंमत राहत नाही.)

जागा चार आणि इच्छुक पाच. निदर पॉक्लिंगमध्ये त्या जुन्या मतदानानंतर प्रथमच चुरस निर्माण झाली होती. मतदार : तीन.

तीन नावांवर कुणाचाच वाद नव्हता. भांडण चौथ्या जागेवर होतं : क्लाइव्ह ऑल्डरसन की नातवाचं कारण दिलेली मार्जरी क्लॅप? डॉरीन आजी क्लाइव्हच्या बाजूने, कारण तो दर मंगळवारी त्यांचा कचऱ्याचा डबा रस्त्यावर आणून ठेवतो. नॉर्मन थ्रिफ्ट मार्जरीच्या बाजूने, कारण क्लाइव्हने सरपंच या नात्याने कुत्र्यांच्या घाणीची पेटी बरोबर नॉर्मनच्या फाटकासमोर बसवली होती. म्हणजे एक मत इकडे, एक तिकडे, आणि उरलेलं एक वरच्या मजल्यावर उजव्या हाताच्या खोलीत अभ्यास करत होतं.

देशातला सर्वांत अटीतटीचा मतदारसंघ आता तिच्या पलंगावर होता. मार्जरी क्लॅप लिंबाचा केक घेऊन आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, या वेळी केकवर साखरेचं आयसिंग होतं.

“मी काही मागायला आले नाहीये हं, बाळा,” ती म्हणाली. “मला वाटलं, परीक्षेच्या दिवसांत पोरीच्या पोटात काहीतरी गोड जायला हवं. पेपर कुठल्या दिवशी? आणि बैठक? अगं बाई, आदल्याच दिवशी का?”

पेटिफर सरांना तर स्वर्ग दोन बोटं उरला. “मतांच्या प्रमाणात जागा असत्या तर तुझ्या वडलांना अर्धी खुर्ची मिळाली असती!” ते म्हणाले. टॅमसिनने विचारलं, हे उदाहरण पेपरात लिहू का? सर क्षणभर गंभीर झाले. “नको. परीक्षकाला वाटेल तू रचून लिहिलंस.”

आणि घरात क्लाइव्ह ऑल्डरसन आयुष्यातला पहिला प्रचार करत होते. सवय नसल्यामुळे तो दिसून यायचा. ते तिला शाळेत सोडायला गाडी काढू लागले. तिचं संगीत आपल्याला आवडतं असं म्हणू लागले आणि एकदा तर त्यावर मान डोलावताना सापडले. सोमवारी संध्याकाळी ते टोस्ट घेऊन तिच्या दारात उभे राहिले.

“येऊ का?”

“मत मागायला की टोस्ट द्यायला?”

“टोस्ट.” ते पलंगाच्या कडेला बसले. “अभ्यास कुठवर आला?”

“जुन्या पद्धतीच्या बाजूचे मुद्दे. स्थैर्य. लोकांना आपला प्रतिनिधी ओळखता येतो. डॅड, मार्जरीने दोन केक आणलेत. तू नुसता टोस्ट आणलास.”

“बटर आहे त्याला.” ते हसले, मग हसू आवरलं. “मला जमत नाही गं हे. आजवर कुणाकडे मागायची वेळच आली नव्हती. खरं सांगू? बरं होतं ते. मी लोकांना आवडतो, असं धरून चालता यायचं. बाक दुरुस्त करायचे, गवत कापून घ्यायचं, बसथांब्यावरचे दिवे लागतात का बघायचं, आणि समजायचं की चाललंय आपलं बरं.”

“आणि आवडत नसशील तर?”

“तर इतक्या वर्षांत कुणी बोललं असतं की.”

“कधी बोलणार, डॅड? विचारलंय कुठे कुणाला?”

क्लाइव्हनी आणलेला टोस्ट स्वतःच खाल्ला. दारातून जाताना म्हणाले, “हात वर करायचा की नाही ते तूच ठरव. मी रागावणार नाही.” ते खोटं बोलले की त्यांचे कान लाल होतात. ते लाल झाले होते, पण रागाने नव्हे. ते घाबरले होते. टॅमसिनला ते कळलं, कारण दोन आठवडे झाले, तिचेही होत होते. पंचवीस घरांनी तिची पाठ थोपटली होती. त्यातल्या किती जणांनी मतपत्रिकेवर तिच्या नावापुढे फुली मारली असती, हे तिलाही कळलं नव्हतं, आणि पिलाटेस सुखरूप पार पडली तेव्हा तिला चक्क हायसं वाटलं होतं. सुधारणेच्या बाजूने बाक बडवणाऱ्या मुलीला मतदान टळल्याचा आनंद झाला होता. तिने वहीत ‘स्थैर्य’ या शब्दाखाली रेघ मारली आणि मग ती रेघ खोडली.

दुसऱ्या दिवशी ती जिल्हा कार्यालयात जाऊन आली.

बुधवारी संध्याकाळी जेवायला सालासकट भाजलेले बटाटे आणि बीन्स होते. बैठक उद्यावर आली होती. क्लाइव्ह बीन्स एकेक करून खात होते. आई दोघांकडे पाहत नव्हती, म्हणजे नीट पाहत होती. आता या ठिकाणी वाचकांनीही आपापल्या मनाशी ठरवलंच असेल, की पोरीने बापाच्या बाजूने हात वर करावा की तत्त्वाच्या. ठरवलं असेल तर ते मनातच ठेवावं. बाहेर काढायची सवय नसली की एकदम त्रास होतो, आणि निदर पॉक्लिंगचा कारभार इतकी वर्षं चालला तो अशाच, मत पक्कं असलेल्या आणि ते घरात ठेवणाऱ्या, सुजाण माणसांच्या जिवावर.

टॅमसिनने काटा खाली ठेवला.

“ऐका दोघं. मी उद्या हात वर करणार नाहीये. तुझ्यासाठी नाही आणि मार्जरीसाठीही नाही. मी काल राजीनामा देऊन आले.”

“राजी… अगं, मग दोनच उरले! बैठकच होणार नाही! मग जिल्ह्यावाले मतदान—”

“लावणार. जूनमध्ये. गुरुवारी. पिलाटेसवाल्यांना मी स्वतः सांगून येईन. मी परत उभी राहतेय, डॅड, आणि तू पण राहतोयस. मार्जरी राहू दे, हवं तर सगळं गाव राहू दे. मी पडले तर पडले, तू पडलास तर पडलास, पण या वेळी मोजून पडू. शुक्रवारचा पेपर झाला की शनिवारी सकाळी आपण दोघं निघायचं. रस्त्याची डावी बाजू तुझी, उजवी माझी. आणि ममकडे मत मागायला आधी मी जाणार.”