पाच गाड्यांचा एक गडी

दसऱ्याला लोक गाड्यांची पूजा करतात. आमचे शेजारी घरतकाका रोबोंची करतात, तीही आधी त्यांच्या गाड्या करून! मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "वैनी, मानसाच्या रूपात पूजले तं देव होतील. मंग रोज निवेद कोन दाखवील?"

काका न्हावा शेव्याला क्रेन चालवायचे, आता रिटायर झालेत. त्यांच्या हॉलमध्ये बसायला जागा नाही, पण भिंतभर काचेची कपाटं. त्यात वळवले की गाडी होणारे खेळण्यातले रोबो, आणि तेही दुकानदारानं अडगळीत टाकलेले. रोड रोलर, कचऱ्याची गाडी, पाण्याचा टँकर. असल्या गाड्या एकमेकींना जोडून एक मोठा रोबो होतो, त्यांच्यावर काकांचा जीव. "मुंडकं होतो त्याला समदे घेतात. हात-पाय होनाऱ्यांना कोन विचारतो?" हे मी आता झोपेतही म्हणेन. माझ्या जाऊबाईंनी एकदा त्यांना 'खेळणी' म्हटलं. बिचारीला चहासुद्धा मिळाला नाही.

लाडका रोबो मात्र कपाटात नसतो. गावची जमीन प्रकल्पात गेली, पाच भाऊ पांगले, तेव्हा काकांनी त्याच्या पाच गाड्या पाच घरांत वाटल्या. दसऱ्याला प्रत्येकानं आपली घेऊन यायचं. पूजा झाली की जोडायची. तेव्हा काकांची छाती बघावी! आणि खरं सांगते, असला वेडा माणूस आमच्या मजल्यावर राहतो म्हणून माझीही फुगते.

यंदा पंचाईत झाली. काकांच्या मुलीच्या हळदीचं आवतन धाकट्या रमाकांतला व्हॉट्सॲपवर गेलं. सख्ख्या भावाला! तिकडे द्रोणागिरीतल्या आपल्या घरी बसून त्यानं बोलणंच टाकलं. आणि रोबोचा डावा पाय, म्हणजे टँकर, त्याच्याकडे.

"नाय आला तं नाय आला. मला काय टेन्शन नाय," असं म्हणत काका सकाळपासून गॅलरीत येरझाऱ्या घालत होते.

तिघे भाऊ आले. पूजा उरकली. इतक्यात रमाकांतची मुलगी दारात, हातात टँकर. "मोठे पप्पा, पप्पांनी दिलाय. ते खाली गाडीत बसलेत."

"घे दादा, जोड," भाऊ म्हणाले.

काकांनी टँकरला हातही लावला नाही. "नुसता पाय घेऊन काय करू? माझा भाऊ कुठं हाय?" आणि लिफ्टची वाट न बघता अनवाणीच जिना उतरले.

मी धावले गॅलरीत. उगाच कशाला लपवू! खाली काका गाडीच्या काचेपाशी हात जोडून उभे. "रमाकांतशेठ, आवतन द्यायला जातीनं आलोय. चुकला तुझा दादा. चल घरी." आख्खी सोसायटी बघत होती. रमाकांत मान खाली घालून उतरला.

तो टँकर जोडणं भलतं किचकट. तो नुसता हातात घेतला तरी बाकीचे भाऊ गोंधळतात आणि काकांच्या शिव्या खातात. रमाकांतनं न बघताच तो उघडला, फिरवला, वळवला आणि खटकन बसवला. रोबो उभा राहिला. घरात नुसता गलका!

काका तेवढे गुपचूप स्वयंपाकघरात आले. काकू आणि मी नुकत्याच पुऱ्या तळायला आत आलो होतो.

"बघितलास त्याचा हात?" डोळे पुसत ते काकूंना म्हणाले, "रुसून बसला, तरी गाढव घरी रोज टँकरचा पाय करून बघत व्हता."