व्याह्यांच्या कादंबरीतलं सातवं प्रकरण

पुस्तकाबद्दल जयवंतराव जन्मात कधी खोटं बोलले नाहीत! नायगावच्या त्यांच्या सोसायटीत वाचन मंडळ होतं. यांनी एकेकाच्या आवडत्या पुस्तकाची अशी काही सालटी काढली की लोक यायचेच बंद झाले. बायको मनोरमाबाई म्हणायच्या, हा परखडपणा एक दिवस आपल्यालाच नडणार.

आणि नडलाच. लेकीचं, ज्ञानदाचं, वसईच्या उमंगशी जमत आलं होतं. मुलगा गुणी, घर केळीच्या वाडीतलं, माणसं साधी. भानगड एकच. उमंगचे वडील काशिनाथराव यांनी स्वखर्चाने कादंबरी छापली होती, आणि बोलणी करायला येताना ती वाचूनच या, असा त्यांचा प्रेमळ आग्रह होता.

जयवंतरावांनी वाचली. वाचली कसली, सोसली! नायक विहिरीवर पाणी काढायला जातो आणि बादली वर येईपर्यंत पानंच्या पानं देशाच्या परिस्थितीवर बोलतो. नायिका एकदा लाजते ती प्रकरण संपेपर्यंत लाजतच राहते. अहो, त्या बाईला दुसरं काही काम नाही? जयवंतराव पुस्तक आपटायचे, उचलायचे, पुन्हा आपटायचे. शेवटी मनोरमाबाईंनी तंबी दिली, "‘छान आहे’, एवढंच म्हणायचं. पुढे एक शब्द काढलात तर याद राखा."

तिघं वसईला पोचली, वाडीतल्या वाळवलेल्या केळ्यांची, सुकेळ्यांची, बशी पुढे आली आणि पाठोपाठ प्रश्नही आला. जयवंतरावांनी ठरलेलं उत्तर दिलं. काशिनाथराव खुलले आणि विचारू लागले, विशेष काय आवडलं? आता आली का पंचाईत! पण एक गोष्ट त्यांना मनापासून आवडली होती. खरंही बोलता येईल आणि लग्नही जमेल, म्हणून त्यांना हायसं वाटलं.

"सातवं प्रकरण," ते म्हणाले. "ते सासू-सुनेचं भांडण. त्यात माणसं माणसांसारखी बोलतात."

काशिनाथरावांचं हसू मावळलं. कौतुक कमी पडलं असं वाटून जयवंतरावांनी भर घातली, की बाकीची प्रकरणं त्याच हातची वाटतच नाहीत. मनोरमाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"ते हिनं लिहिलंय," काशिनाथराव पडलेल्या आवाजात म्हणाले. "मी तापानं आजारी होतो आणि छापखान्याची घाई होती."

त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई दारातच उभ्या होत्या. त्या पुढे आल्या, जयवंतरावांच्या बशीत आणखी सुकेळी वाढली आणि पोरगी पसंत असल्याचं सांगून टाकलं. ज्ञानदाचा जीव भांड्यात पडला.

पण काशिनाथराव कसले ऐकतात! ते आत जाऊन दुसऱ्या भागाचं जाडजूड बाड घेऊन आले. ते बघून रुक्मिणीबाईंनी कपाटातून आपलं काढलं. दुसरा भाग त्यांनीही गुपचूप लिहिला होता!

"दोन्ही वाचा," काशिनाथराव म्हणाले, "आणि कुणाचं चांगलं ते स्पष्ट सांगा. मग तारीख काढू." रुक्मिणीबाईंनीही मान डोलावली. दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं.

परतीच्या रिक्षात दोन्ही बाडं जयवंतरावांच्या मांडीवर. ज्ञानदा रडायच्या बेतात आली होती.

"बाबा, दोन्ही सारखीच चांगली आहेत. कळलं?"

जयवंतरावांनी लेकीकडे बघितलं, मग मांडीवरच्या, दोरीसुद्धा न सोडलेल्या बाडांकडे.

"हो गं," ते म्हणाले. "वाचून मलाही अगदी तसंच वाटलं."